गोकर्ण व्हाया भाऊचा धक्का

माझी सासू दरवर्षी शिवरात्र झाली की गोकर्णाला जायची.

सोलापूरहून गोकर्णाला जायचं तर शहाणा माणूस गदगवरनं जाणारी गाडी धरतो, हुबळीला उतरतो आणि पुढं बस करतो. माझी सासू बरोबर उलट्या दिशेला, मुंबईला जायची. तिथं भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढायची, दिवसभर आणि रात्रभर समुद्रात काढायची, सकाळी पणजीला उतरायची आणि तिथनं म्हणे गोकर्ण. म्हणजे घास उचलायचा, मानेमागून फिरवायचा आणि मग तोंडात घालायचा.

मल्लव्वा तिचं नाव. आम्ही कानडी बोलणारे लिंगायत, सासूला आमच्यात अत्ती म्हणतात. बाळीवेशीत आमचं शेंगदाण्याचं दुकान. सासरे गेल्यापासून ते माझे यजमान चन्नप्पा बघत होते. अत्ती घरात असली की तिचं काही ना काही दुखत असे. सकाळी गुडघा, दुपारी कंबर, संध्याकाळी मी.

हे बोटीचं खूळ तिच्या डोक्यात बाहत्तरच्या दुष्काळात शिरलं. आमच्या भिंतीला भिंत लागून बडेसाबांचं घर. त्यांच्या मालट्रकवर त्या साली पाण्याची टाकी बसली होती. त्यांची बायको गुलबानो हाजला दोनदा बोटीनं जाऊन आलेली, एकदा स्वतःसाठी आणि एकदा सासूची सोबत म्हणून. शिवाय एकदा भावाकडं मोंबासाला. आम्ही घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या असायचो आणि गुलबानोखाला समुद्राचं सांगत असायची. चहूकडं पाणी. उठलं की पाणी, जेवताना पाणी, निजताना पाणी.

"पिता येतंय व्हय?" अत्तीनं एकदा विचारलं.

"पीने का नक्को. खारा जहर."

"मग ते बी सोलापूरच की," अत्ती म्हणाली. पण तेव्हापासून तिचं लक्ष उडालं.

आमच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झालेली आणि घरात पाळणा नव्हता. एका सकाळी अत्तीनं मुलाला समोर बसवून सांगितलं, "चन्नू, मी गोकर्णाच्या महाबळेश्वराला नवस बोललेय. सून बाळंत झाली तर दरसाल दर्शनाला यीन. आन् बोटीनंच यीन."

"बोटीनं कशाला, अव्वा? हुबळीवरनं सरळ..."

"बोलताना बोट म्हनले मी. आता देवाला काय सांगू, गाडी बदलली म्हनून?"

नवस पक्का करायला म्हणून ती आधीच एकदा जाऊन आली आणि पुढल्या साली मला मुलगा झाला. त्याचं नाव महाबळेश्वर ठेवलं. त्यानंतर बोटीबद्दल घरात कुणाची चकार शब्द काढायची छाती झाली नाही.

जुन्या काळची सून असते तर मी गप्प घरीच बसले असते. पण लग्न एकोणसत्तरचं, शिक्षण सातवीपर्यंत, आणि शहात्तर साली अत्ती नळाजवळ घसरून पडली. मार बेताचा होता, पण यजमानांनी फर्मान काढलं, की यंदा दाक्षायणी बरोबर जाईल.

अत्तीचं तोंड चिंच खाल्ल्यासारखं झालं. "हिला बोट लागंल."

"लागू दे."

"पोराचं काय?"

"अक्कलकोटला आजोळी राहील."

मग अत्ती आणि गुलबानोखालाचं भिंतीआड काहीतरी खलबत झालं आणि माझी शिकवणी सुरू झाली. मला आमच्या माजघरातल्या झोपाळ्यावर आडवं तोंड करून बसवलं, हातात भाकरी दिली आणि खालानं मागून झोका द्यायला सुरुवात केली. पुढं मागं नाही, डावीकडं उजवीकडं. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरायला लागल्या.

"खाती रह, खाती रह," खाला ओरडत होती. "आँखां बंद नक्को करू! दूर देख, दूर!"

दूर म्हणजे आमची फडताळं होती. मी ती बघितली. तिसऱ्या घासाला जे व्हायचं ते झालं आणि फरशी धुवायला दोन घागरी पाणी लागलं.

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. "मुश्किल है," खाला म्हणाली, डॉक्टर बाहेर येऊन म्हणतात तशी.

पण तिनं शिकवायचं सोडलं नाही. बोटीत मधोमध बसायचं. पुढं बसली ती उडते, मागं बसली ती धूर खाते. निघताना पोट रिकामं नको आणि भरलेलंही नको. भात बंद, तळलेलं बंद, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी एवढंच. लिंबू चघळायचं नाही, हुंगायचं. दुसरं कुणी ओकायला लागलं तर तिकडं बघायचं नाही, ऐकायचंही नाही, मोठ्यानं बोलत सुटायचं. आपल्यावर वेळ आली तर आधी वारा कुठून येतोय ते बघायचं आणि मग वाकायचं. कप्तानाला सलाम करत बसू नये, ओळख करावी ती स्वयंपाक्याशी. चपला उशाखाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चादर घरातली सगळ्यात मोठी न्यायची.

"चादर कशाला?"

"कळंल तुला," अत्ती म्हणाली.

ते भाऊच्या धक्क्यावर कळलं. बोरीबंदरहून आम्ही पोचलो तेव्हा धक्क्यावर अशी गर्दी होती, की जणू मुंबई उद्या बुडणार आहे. ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या रिकाम्या पेट्या, कोंबड्या. अत्तीनं गर्दीकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं नुसती हाक मारली, "कोंडीबा!" आणि लाल डगला घातलेला एक हमाल लोकांना कोपरानं बाजूला सारत आला.

"आलीस व्हय मावशे? यंदा उशीर?"

"ही सून हाय. हिच्यामुळं."

कोंडीबानं आमची चादर काखेत मारली आणि शिडी लागते न लागते तोच माकडासारखा वर गेला. आम्ही चढेपर्यंत खालच्या डेकच्या मधोमध आमची सोलापुरी चादर अंथरलेली होती. मोराची नक्षी असलेली, दुहेरी, चार माणसं ऐसपैस झोपतील एवढी. भोवती लोक टॉवेल आणि वर्तमानपत्रं टाकून जागेसाठी भांडत होते. अत्ती आपल्या मोरावर मांडी घालून बसली आणि भांडणं बघू लागली. थोड्या वेळानं तिनं चादरीचं एक टोक दुमडलं आणि एका लेकुरवाळीला हाक मारली, "ये गं बाय, बस हितं." ती बाई रडायचीच बाकी होती. तिनं लगेच डबा उघडून खोबऱ्याच्या वड्या पुढं केल्या.

"बघितलंस?" अत्ती मला हळूच म्हणाली. "आदी जास्तीचं धरायचं. मग सोडायचं. लोक जलमभर आठवन ठेवत्यात."

बोटीनं भोंगा दिला, आणि सांगते ते खोटं वाटेल, पण अत्तीचा गुडघा बरा झाला. घरात चुलीपासून दारापर्यंत जाताना तीन देवांची नावं घेणारी बाई लोखंडी जिन्यानं वर गेली, खाली आली, स्वयंपाक्याला भेटून आली. तो तिला "सोलापूरवाली मौसी" म्हणत होता. तिनं त्याला आमच्या दुकानातल्या शेंगदाण्यांची पिशवी दिली आणि त्यानं आम्हाला दिवसभर फुकटचा चहा पाजला. एक खलाशी येऊन तिच्या पाया पडून गेला. मालवणच्या तीन मासेवाल्या लांबूनच ओरडल्या, "गे मल्लव्वा, इलंस काय!" आणि आमच्या चादरीवर येऊन धपाधप बसल्या.

मग अत्तीनं कमरेची पिशवी सोडली आणि पत्ते काढले.

मी बघतच राहिले. आमच्या घरात पत्ते म्हणजे पाप. दिवाळीत यजमानांनी एकदा डाव मांडला तर हिनं जोड चुलीत घातला होता. आता ती पत्ते पिसत होती आणि पिसताना तिची बोटं दिसत नव्हती. पैशांऐवजी शेंगदाणे लावत होत्या. मासेवाल्या हरल्या की शिव्या घालत आणि अत्ती जिंकली की त्यांचेच दाणे त्यांच्यादेखत खात होती.

"अत्ती, तुम्ही हे..."

"तू समुद्र बघ."

मी रागानं उठले, वर गेले आणि कँटीनमध्ये दोन बटाटेवडे खाल्ले. गरम होते. तिसराही खाल्ला. रत्नागिरी मागं पडेपर्यंत सगळं छान होतं. मग बोट डुलायला लागली. आधी नुसती मान हलवल्यासारखी, नंतर लग्नात नाचणाऱ्या मामासारखी. मी कठड्याकडं धावले आणि वाकले.

वारा समोरून होता.

माझ्या मागं एक गृहस्थ आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. पहिल्या वर्गाचे. पांढरा सूट. त्यांनी पेपर खाली केला तेव्हा चष्म्याच्या दोन्ही काचांवर माझे वडे होते. ते इंग्रजीत काहीतरी बोलले. मी कानडीत माफी मागितली, कारण त्या क्षणी मला मराठी आठवेना.

अत्ती वर आली. तिनं माझं तोंड पुसलं, त्या गृहस्थांकडं वळून म्हणाली, "बाबा, वाऱ्याच्या तोंडाला खुर्ची मांडली तर असंच हुनार. तितं त्या भिताडाआड बसावं," आणि स्वतः त्यांची खुर्ची उचलून हलवून दिली. पुढं तेच गृहस्थ तिला विचारून खुर्ची हलवत होते, वारा बदलला की.

मला तिनं मोरावर आडवं केलं, लिंबू नाकाशी धरलं, आणि डोक्यावरनं हात फिरवत डाव खेळत राहिली. सात वर्षांत तिनं माझ्या डोक्यावरनं हात फिरवला नव्हता. तो हात मला बरा वाटला हे कबूल करायला मला अजून जड जातं. मध्ये एकदा ती मासेवालीच्या कशावर तरी हसली. पोट धरून, दात दाखवून. बाळीवेशीत ती अशी कधी हसली नव्हती. तिला हसता येतं हेच मला ठाऊक नव्हतं.

सकाळी पणजी आली. मी उठले, तोंड धुतलं, चादर घडी केली. "आता गोकर्णाची बस कुठनं?"

अत्ती धक्क्यावरच्या बाकावर बसली. तिनं तपकिरीची डबी काढली. "हीच बोट म्हागारी जाती दहाला. तवर च्या घेऊ."

"आणि गोकर्ण?"

तिनं तपकीर ओढली, शिंकली, आणि म्हणाली, "गोकर्ण कोन बघितलंय?"

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"तुम्ही कधीच गेला नाहीत? एकदाही?"

"पणजीच्या फुडं न्हाय."

"मग तो अंगारा? दरवर्षी आणता तो?"

"आपल्या सिद्धेश्वराचा. निघायच्या आदी बांधून घेते. भस्म ते भस्म. गोकर्णाच्या गाईचं शेन काय येगळं असतंय?"

"आणि नवस?"

"नवस मी बोलले कुटं? चन्नूला बोलले. न्हायतर त्यो सोडला असता व्हय मला?"

धक्क्यावर लोक थांबून बघायला लागले, कारण माझा आवाज चढला होता. "अहो, माझ्या मुलाचं नाव महाबळेश्वर ठेवलंय! त्या देवाच्या कृपेनं झाला म्हणून! त्या देवाला तुम्ही भेटलाच नाहीत, तर माझा मुलगा कुणाच्या कृपेनं झाला?"

"तुज्या नवऱ्याच्या," अत्ती शांतपणे म्हणाली. "आनि कुनाच्या?"

मग तिनं पदराआडून गळ्यातलं लिंग बाहेर काढून मला दाखवलं. "ह्यो देव मी गळ्यात बांधून हिंडते. बोटीत बी हाय, मोरीत बी हाय. ह्याला घिऊन दुसऱ्या देवाच्या दारात जायाचं आन् रांगेत उबं ऱ्हायाचं, ह्यो अपमान न्हाय व्हय ह्याचा?"

पण मी हट्टाला पेटले होते. "ते काही नाही. मी चालले गोकर्णाला. माझा मुलगा आहे, मी दर्शन घेऊन येणार. तुम्ही बसा इथं."

मी खरंच चालू लागले. आयुष्यात एकटी कधी अक्कलकोटलासुद्धा गेले नव्हते. थोडं पुढं गेल्यावर मागून तिच्या चपलांचा आवाज ऐकू आला.

"थांब गं. एकलीच मरशील."

कारवारच्या बसमध्ये आम्ही बसलो आणि एका तासात सगळा उलगडा झाला. बसनं पहिलं वळण घेतलं, अत्तीनं माझा दंड धरला. दुसऱ्या वळणाला ती पांढरी पडली. तिसऱ्याला तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. समुद्रात खलाशांना धीर देणारी बाई लाल मातीच्या रस्त्यावर आतडी पिळवटून ओकत होती.

"वारा बघा, अत्ती, वारा," मी म्हणाले. मला थोडा आनंद झाला होता, लपवत नाही.

"मेले गं," ती म्हणाली. "हुबळीवरनं बी घाट हाय. बसनं जायाचं म्हनलं की जीव जातो. मोटारीचं भ्याच हाय मला, पैल्यापासनं. सांगायाची लाज."

त्या रस्त्यावर तेव्हा मोठ्या नद्यांवर पूल नव्हते. नदी आली की सगळ्यांनी उतरायचं आणि तरीत बसून पलीकडं जायचं. दर नदीला अत्ती जिवंत व्हायची. तरीत पाय ठेवला की पदर खोचायची, बायकांना मधोमध बसवायची, तरवाल्याला वारा सांगायची. पलीकडं बस दिसली की पुन्हा मेल्यासारखी. असं मरत जगत आम्ही संध्याकाळी गोकर्णाला पोचलो.

देऊळ लहानच होतं. गाभाऱ्यात अंधार, ओल, पायाखाली फुलं. मी हात जोडले आणि मनात म्हणाले, माझ्या मुलाचं नाव तुमचं आहे, एवढं ध्यानात असू द्या. अत्ती माझ्याशेजारी उभी राहून इकडं तिकडं बघत होती. मला वाटलं, तिला गहिवरून आलं.

"दाक्षायणी," ती कुजबुजली, "हितं हत्ती न्हाईत की गं."

"कसले हत्ती?"

"मी घरी सांगितलंय चार हत्ती हाईत म्हनून. दारात. चांदीच्या घंटा बांधलेले. आता काय करायचं?"

मी तिथं, महाबळेश्वरासमोर, फिसकन हसले. पुजाऱ्यानं डोळे वटारले. अत्तीलाही हसू फुटलं. आम्हा दोघींना बाहेर काढलं असं म्हणता येणार नाही, पण कुणी फार वेळ थांबवूनही घेतलं नाही. देवळामागं वाळू होती आणि पुढं समुद्र. अत्ती पाण्यात गुडघ्यापर्यंत जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ बाहेर यायचं नाव काढेना.

घरी आल्यावर यजमानांनी विचारलं, "दर्शन झालं?"

"झालं," मी म्हणाले. माझ्याकडं खरा अंगारा होता, खरी फुलं होती. जन्मात पहिल्यांदा त्या घरात गोकर्णाची खरी गोष्ट आली होती.

"हत्ती बघितलेस?"

अत्ती तांदूळ निवडत होती. तिचं बोट थांबलं.

"बघितले की," मी म्हणाले. "एक म्हातारा झालाय. पण घंटा अजून चांदीचीच आहे."

त्या दिवसापासून अत्तीचं संध्याकाळचं दुखणं गेलं. गुडघा आणि कंबर राहिली.

पुढल्या वर्षी यजमानांच्या मनानं घेतलं, की आपणही जावं. हुबळीमार्गे, सगळ्यांनी. अत्तीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "नवस बोटीचा आहे. देवाला काय सांगणार?" त्यावर यजमान बोटीनं यायला तयार झाले आणि पोराला पुन्हा आजोळी धाडलं. झोपाळ्यावरच्या शिकवणीला मात्र ते बसले नाहीत. गुलबानोखालानं भिंतीवरनं दोनदा विचारलं, तर म्हणाले, पुरुषांना बोट लागत नसते.

भोंगा वाजला तेव्हा ते चादरीवर आडवे झाले आणि पणजीला उठले. मधलं त्यांना काही आठवत नाही. मालवणच्या मासेवाल्या आणि अत्ती त्यांना ओलांडून पत्ते खेळल्या, तेही त्यांना कळलं नाही, हे बरंच झालं. पणजीला पाय जमिनीला लागताच त्यांनी शपथ घेतली, की पुन्हा बोट नाही, आणि समोर उभ्या असलेल्या बेळगावच्या बसमध्ये जाऊन बसले. गोकर्णाचं नावही काढलं नाही. आम्ही दोघींनी त्यांना हात केला आणि परत बोटीत चढलो.

आम्ही घरी पोचलो तेव्हा हे दुकानात होते. समोर सांगोल्याचं एक गिऱ्हाईक पोत्यावर बसलं होतं, त्याच्या मेव्हण्याला बोटीनं गोव्याला जायचं होतं म्हणे.

"हे बघा," यजमान सांगत होते, "बोटीचा प्रवास लई सोपा. पण त्याच्यात काही बारकावे आहेत, ते अनुभवानंच कळतात. बोटीवर सगळं मिळतं. चहा मिळतो, जेवण मिळतं. बादली मिळत नाही. बादली ज्यानं त्यानं आपली न्यावी. आणि झाकणाची न्यावी."

गिऱ्हाइकानं मान डोलावली. आत जाता जाता अत्ती उंबऱ्यात थांबली, मुलाकडं वळली आणि म्हणाली, "चन्नू, ह्ये मातर मला बी सुचलं न्हवतं."